मधे नेटवर्क आहे, म्हणजे लायसन्स सुटलं का?

निशिगंधा:

नमस्कार मंडळी. विषय तांत्रिक आहे, कायद्याचा आहे आणि थोडा भांडणाचाही आहे. कुठल्या विभागात टाकावा कळेना, म्हणून इथेच.

आमचं उत्पादन म्हणजे बावीस छोट्या सर्व्हिसेस. काही गो भाषेत, काही जावात, एक म्हातारी पायथनमध्ये, आणि पुढे जावास्क्रिप्टचा दर्शनी भाग. सगळं कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकाच डब्यात. त्यातली एक सर्व्हिस पीडीएफ आवळून लहान करते आणि तिच्या पोटात घोस्टस्क्रिप्ट हा तयार प्रोग्राम आहे. ते एजीपीएल ३ खाली मिळतं (जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं कडक भावंड; प्रोग्राम दुसऱ्याला द्याल तर सोर्स, म्हणजे मूळ कोडही, द्या म्हणणारं). पैसे मोजून व्यावसायिक लायसन्सही मिळतं, ते आम्ही घेतलेलं नाही.

आर्किटेक्टसाहेब फळ्यावर दोन चौकोन काढतात, मधे बाण काढतात आणि म्हणतात, "हा बाण एचटीटीपीचा. इथे लिंकिंग कुठंय? विषय संपला." (लिंकिंग म्हणजे दोन कोड शिवून एक प्रोग्राम करणं. ते नाही, म्हणून आपला बाकीचा कोड एजीपीएलपासून सुटला, असा त्यांचा दावा.) बाण फार सुबक असतो, मान्य. पण मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे नीट सांगताही येत नाही. लायसन्स वाचायला बसले तर त्यात लायब्ररी, लिंक, हेडर फाइल, ऑब्जेक्ट कोड असले शब्द. कंटेनर, बंडल, मायक्रोसर्व्हिस यांचा पत्ताच नाही. जुन्या घराचा नकाशा घेऊन नव्या घरातली बटणं शोधल्यासारखं होतंय.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. "वकिलाला विचारा" हा सल्ला आधीच मिळालाय, विचारलंही आहे. त्यांनी उलट मलाच विचारलं, कंटेनर म्हणजे काय.

बिल्ड_तुटला:

आर्किटेक्ट बरोबर आहेत. नेटवर्कपलीकडे जीपीएल जात नाही, हे शिकत होतो तेव्हापासून ऐकतोय. वाचनखूण साठवली आहे.

कलम_तेरा:

@बिल्ड_तुटला, जीपीएल जात नाही हे खरं. जीपीएल ३ मध्ये तर स्पष्टच लिहिलंय की प्रत हातात न देता नुसता नेटवर्कवरून व्यवहार झाला, तर ते सॉफ्टवेअर "दिलं" असं होत नाही. पण एजीपीएल त्याच फटीसाठी जन्माला आलं. नोव्हेंबर २००७, जीपीएल ३ नंतर पाचेक महिन्यांनी.

@निशिगंधा, तुमच्या साहेबांचा बाण एका जागी भरीव आहे आणि दोन जागी पोकळ.

भरीव कुठे? जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्याच्या प्रश्नोत्तरांत स्वतःच म्हटलंय की पाइप, सॉकेट आणि कमांड लाइनची आर्ग्युमेंटं ही साधारणपणे दोन वेगळ्या प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची साधनं. तुमची सर्व्हिस घोस्टस्क्रिप्टला कमांड देते आणि फाइल परत घेते. दोन वेगळे प्रोग्राम, असं म्हणायला भरपूर जागा आहे. आणि गंमत म्हणजे याचा तुमच्या एचटीटीपीशी काही संबंध नाही. एकाच मशीनवर कमांड दिली असती तरी हेच.

पण त्याच उत्तरात पुढचं वाक्य आहे, जे फळ्यावर कोणी लिहीत नाही. बोलणं फार सलगीचं असेल, आतल्या गुंतागुंतीच्या डेटा स्ट्रक्चर्सची देवाणघेवाण होत असेल, तर दोन्ही मिळून एक मोठा प्रोग्राम मानायला तो आधार ठरू शकतो. म्हणजे मोजायची ती सलगी. तार किती लांब आहे याला महत्त्व नाही.

आता पोकळ जागा. दोन प्रश्नांची उत्तरं द्या.
घोस्टस्क्रिप्टमध्ये तुम्ही काही बदल केलाय का?
आणि तुमच्या इमेजेस (कंटेनर ज्यापासून चालतो ती तयार गाठोडी) कुठल्याही ग्राहकाच्या हातात जातात का?

निशिगंधा:

दोन्हींचं उत्तर "हो" आहे. आता पोटात गोळा आला.

बदल म्हणजे तीन ओळींचा पॅच. फॉन्ट सापडला नाही की ते लॉगमध्ये इतकी बडबड करायचं की डिस्क भरायची. कोणीतरी ती बडबड बंद केली आणि स्वतः नोकरी सोडून गेला.

इमेजेस... बहुतेक ग्राहक आमच्या क्लाउडवर आहेत. पण चार मोठ्या ग्राहकांना त्यांच्याच सर्व्हरवर हवं असतं. त्यांना आम्ही रजिस्ट्रीचा, म्हणजे इमेजेसच्या कोठाराचा, पासवर्ड देतो, ते इमेजेस ओढून घेतात.

कलम_तेरा:

मग फळा पुसा.

पॅचपुरतं बघू. एजीपीएलचं कलम १३ (माझ्या नावाचा उगम, हो) म्हणतं की तुम्ही प्रोग्राम बदललात आणि लोक नेटवर्कवरून त्याच्याशी व्यवहार करत असतील, तर बदललेल्या आवृत्तीचा सोर्स त्यांना ठळकपणे देऊ करा. लोक घोस्टस्क्रिप्टशी व्यवहार करतात की तुमच्या सर्व्हिसशी, यावर वाद घालता येईल. पण तीन ओळींच्या पॅचसाठी तो वाद कशाला घालायचा? पॅच उघडा करा, मोकळे व्हा. त्यात कुठलं गुपित आहे?

इमेजेसचं मात्र वेगळं. तिथे नेटवर्क, कलम १३, सलगी, काही आड येत नाही. तुम्ही प्रत दिलीत. जीपीएल २ च्या, १९९१ च्या भाषेतही दिलीत. फ्लॉपी होती तिथे रजिस्ट्री आली, एवढाच फरक. त्या इमेजमधल्या प्रत्येक जीपीएल, एलजीपीएल (लायब्रऱ्यांसाठीचं सौम्य भावंड), एजीपीएल वस्तूचा सोर्स देण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. फक्त घोस्टस्क्रिप्टची नाही. बॅश, कोअरयुटिल्स, जीलिबसी, बेस इमेजमधून, म्हणजे ज्या तयार इमेजवर तुमची उभी आहे तिच्यातून, जे जे आलं ते सगळं.

जुनी_डिस्क:

बऱ्याच दिवसांनी इथे वाचण्यासारखं काही आलं. नकाशाची उपमा आवडली, म्हणून जुन्या घरात राहिलेला माणूस म्हणून दोन शब्द. लांबण लागेल, चालवून घ्या.

जीपीएलची दुसरी आवृत्ती जून १९९१ ची. त्या काळी "प्रोग्राम" म्हणजे काय हे बोट ठेवून दाखवता यायचं. कंपायलरने ऑब्जेक्ट फाइली बनवायच्या, लिंकरने त्या शिवायच्या, आणि शेवटी डिस्कवर एक फाइल पडायची. तो शिवणीचा धागा दिसायचा, म्हणून लोक लिंकिंगवर वाद घालू लागले. पण जीपीएल २ च्या मुख्य अटींत लिंकिंगचा निकषच नाही. तिथे "प्रोग्रामवर आधारित कृती" असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ कॉपीराइट कायद्यावर सोपवलाय. लिंकिंग ही आपण सोयीसाठी जमिनीवर मारलेली खडूची रेघ. पुढे सगळे त्या रेघेलाच भिंत समजू लागले.

भिंत खरोखर बांधली ती एलजीपीएलने. आणि तिथे बघा कशी तारांबळ उडते. २.१ चं कलम ५ काढा. तुमच्या प्रोग्रामने लायब्ररीची हेडर फाइल (लायब्ररीत काय काय आहे ते सांगणारी) वापरली, तर तिच्यातून तुमच्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये काय काय आलेलं चालेल? आकडे, डेटा स्ट्रक्चर्सची मांडणी, छोटे मॅक्रो आणि छोटी इनलाइन फंक्शन्स. छोटी म्हणजे किती? दहा ओळी किंवा कमी. खरंच, लायसन्समध्ये ओळी मोजल्या आहेत. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीतही तो दहाचा आकडा तसाच.

सीमध्ये ते चालून गेलं. सी प्लस प्लसमध्ये टेम्प्लेट आले, आणि अख्ख्या लायब्रऱ्या हेडरमध्ये राहायला गेल्या. आता लायब्ररीचा कोड तुमच्या फाइलमध्ये तुमच्या टाइपसाठी नव्याने उमटतो. त्यात लायब्ररी कुठे संपते? रस्टच्या जेनेरिक्सची हीच कथा. जीसीसी या कंपायलरला स्वतःच्या रनटाइम लायब्रऱ्यांसाठी वेगळी सूट लिहावी लागली, तिची आजची आवृत्ती २००९ ची. जावाच्या ओपनजेडीकेला जीपीएल २ सोबत "क्लासपाथ" सूट जोडावी लागली, नाहीतर जावात लिहिलेला प्रत्येक प्रोग्राम संशयित ठरला असता. लिनक्स कर्नेलच्या लायसन्सच्या फाइलीतही टीप आहे की नेहमीच्या सिस्टम कॉलने कर्नेलची सेवा घेणारे प्रोग्राम या लायसन्सखाली येत नाहीत. जिथे जिथे खडूची रेघ पुसली गेली, तिथे तिथे कोणीतरी हाताने नवी मारली.

गो भाषावाल्यांचं काय? तिथे डीफॉल्टनेच सगळं एका फाइलीत स्टॅटिक लिंक होतं. एलजीपीएलचा मूळ हेतू होता की वापरणाऱ्याला लायब्ररी बदलून आपली घालता यावी. वेगळी शेअर्ड फाइल असेल तर एक काढा, दुसरी ठेवा. स्टॅटिकमध्ये ऑब्जेक्ट फाइली द्या आणि पुन्हा लिंक करू द्या, असं कलम ६ म्हणतं. गो वापरणाऱ्या किती टीम्स ग्राहकाला ऑब्जेक्ट फाइली देतात? मी एकही पाहिली नाही. म्हणून तिथे काही लेखक एलजीपीएललाच स्टॅटिक लिंकिंगची सूट चिकटवतात, आणि बाकीचे सरळ एमआयटी किंवा बीएसडी ही सैल लायसन्सं लावून मोकळे होतात. रस्टमध्ये "एमआयटी किंवा अपाचे २.०, तुम्ही निवडा" हा रिवाजच पडलाय.

कॉपीलेफ्ट (घेतलंत तर पुढे त्याच अटींवर द्या, हे जीपीएलचं तत्त्व) मागे पडलं ते लोकांना तत्त्व नकोसं झालं म्हणून, असं सांगतात. माझं मत, बऱ्याच अंशी बिल्ड टूल्सनी ते मागे पाडलं.

बिल्ड_तुटला:

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). आणि दंडवत. "नेटवर्कपलीकडे जात नाही" हे माझं वाक्य मागे घेतो, निदान अर्धं तरी.

पण जुनी_डिस्क काका, शेवटच्या वाक्याला पुरावा?

जुनी_डिस्क:

पुरावा नाही, म्हणून "माझं मत" म्हटलं. हलके घ्या.

अर्धविराम:

सगळे सर्व्हर सर्व्हर करताय. फ्रंटएंडचं कोणी नाव काढेना, नेहमीप्रमाणे.

"आम्ही फक्त क्लाउडवर चालवतो, कोणाला प्रत देत नाही" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाचं पान उघडलं की ब्राउझरमध्ये दोन-तीन एमबी जावास्क्रिप्ट उतरतं. ती प्रतच आहे. लाखो माणसांना दिलेली. तुमच्या बॅकएंडला जीपीएलची ती नेटवर्कची फट लागू असेल, फ्रंटएंडला नाही. दर्शनी भागात जीपीएलची लायब्ररी असेल, तर फळ्यावरचा कुठलाच बाण उपयोगाचा नाही.

आणि जीपीएल जाऊ दे, एमआयटीसुद्धा आपण धडपणे पाळत नाही. एमआयटीची अट एकच: कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर सगळ्या प्रतींत किंवा मोठ्या भागांत ठेवा. आता बंडलर काय करतो? शेकडो पॅकेजेस एकत्र कुटतो, न लागणारं झाडून टाकतो, व्हेरिएबलची नावं एका अक्षरावर आणतो, आणि कॉमेंट्स उडवतो. लायसन्स कॉमेंटमध्येच असतं. एकमेव अट पाळण्याची एकमेव जागा, आणि तीच आपण बाइट वाचवायला साफ करतो.

यावरचा इलाज फार गमतीदार आहे. कॉमेंटच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह असेल किंवा आत "@लायसन्स", "@प्रिझर्व्ह" असं इंग्रजीत लिहिलेलं असेल, तर मिनिफायर (कोड आवळणारं टूल) तिला हात लावत नाही. वेबपॅक हा बंडलर तर अशा कॉमेंट्स गोळा करून बंडलशेजारी वेगळी टेक्स्ट फाइल ठेवतो. म्हणजे मोठमोठ्या लायब्रऱ्यांची अट एका उद्गारचिन्हावर टांगलेली आहे. ज्या लेखकाला ते माहीत नव्हतं, त्याचं नाव गेलं.

आमच्याकडे ती टेक्स्ट फाइल छान तयार व्हायची. मागच्या वर्षी सहज म्हणून खऱ्या साइटवर तिचा पत्ता टाकून पाहिला. ४०४, म्हणजे फाइलच नाही. डिप्लॉयची स्क्रिप्ट फक्त जेएस आणि सीएसएस फाइली उचलत होती. दोन वर्षं आम्ही लायसन्स बनवून कचऱ्यात टाकत होतो. स्क्रिप्ट माझीच, नाव काय लपवायचं.

निशिगंधा:

आत्ताच आमच्या साइटवर तपासलं. आमच्याकडे ४०४ सुद्धा येत नाही. पत्ता काहीही टाका, मुख्य पान उघडतं.

गाठोडं:

अर्धविराम, जबरदस्त.

यात पॅकेजच्या आकाराचाही हात आहे. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या कोठारातून लेफ्ट-पॅड काढून घेतलं गेलं आणि जगभरची बिल्ड्स कोसळली, ते आठवत असेल. कोड किती? अकरा ओळी. एमआयटीचा मजकूर त्याहून मोठा आहे. ज्यांनी ही लायसन्सं लिहिली त्यांच्या डोळ्यांपुढे एक्स विंडोसारखे प्रकल्प होते. अकरा ओळींना स्वतःचा लेखक, स्वतःची आवृत्ती आणि स्वतःचं लायसन्स असेल, आणि अशी हजार पोरं एका बिल्डमध्ये नांदतील, हे कोणाच्या डोक्यात येणार?

दुसरा किस्सा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मार्च २०२१, रुबीचं माइममॅजिक. फाइल कुठल्या प्रकारची आहे ते ओळखणारं बारीकसं पॅकेज, लायसन्स एमआयटी. रेल्स हे रुबीतलं वेब फ्रेमवर्क त्याच्यावर अवलंबून होतं, तेही थेट नाही, मधल्या एका पॅकेजमार्फत. कोणाच्या तरी लक्षात आलं की आत फ्रीडेस्कटॉपची एक एक्सएमएल फाइल आहे आणि ती जीपीएल २ खाली आहे. कोड नाही हो, फाइलींच्या प्रकारांची यादी. हे कळवल्यावर लेखकाने प्रामाणिकपणे लायसन्स जीपीएल केलं आणि जुन्या आवृत्त्या काढून घेतल्या. झालं, रेल्सची बिल्ड्स पटापट पडू लागली. रेल्सवाल्यांनी घाईने नव्या आवृत्त्या काढल्या आणि ती यादी अपाचे टिकाच्या माहितीवरून नव्याने उभी केली.

यात कोणी लबाडी केली नव्हती. पॅकेजच्या कपाळावर एमआयटी लिहिलेलं, सगळ्यांनी कपाळ वाचलं. पोटात काय आहे ते बघायला वर्षं गेली. आजची बहुतेक स्कॅनिंग टूल्स मुळात कपाळ वाचणारी आहेत, खोलात जाणारी थोडी.

सातवा_मजला:

मोठमोठे प्रतिसाद वाचले. एक साधा प्रश्न. दावा कोण लावतंय? अकरा ओळींचा लेखक? माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एकदाही नोटीस आलेली पाहिली नाही. तुम्ही भुताला घाबरताय.

कलम_तेरा:

नोटीस न येणं आणि चूक नसणं यात अंतर आहे, पण नीतीचे डोस पाजत नाही.

दावे होतात. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने लिनक्समधल्या नेटफिल्टरच्या प्रकरणात जीपीएल मोडल्याबद्दल मनाई हुकूम दिला होता. २००७ पासून अमेरिकेत बिझीबॉक्स या छोट्या टूल्सच्या संचावरून खटल्यांची रांग लागली. आणि माझा आवडता, ऑगस्ट २००८ चा जेकबसन विरुद्ध कॅट्झर. विषय काय, तर खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवायचं सॉफ्टवेअर. फुकट दिलेल्या सॉफ्टवेअरच्या अटी मोडल्या तर तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, हे अमेरिकेच्या अपील न्यायालयाने खेळण्यातल्या आगगाडीवरून ठरवलं.

पण हेही कबूल करतो. आपल्या धाग्याचा जो मूळ प्रश्न, एपीआयच्या (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीच्या) पलीकडचा कोड "आधारित कृती" ठरतो का, त्याचं स्वच्छ उत्तर न्यायालयांनी दिलेलं नाही. ओरॅकल विरुद्ध गूगलमध्ये जावाच्या एपीआयच्या साधारण साडेअकरा हजार ओळींवर दहा वर्षांहून जास्त काळ भांडण चाललं. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वापर "फेअर यूज" आहे म्हणून सोडवलं, आणि एपीआयवर कॉपीराइट असतो की नाही हा प्रश्न तसाच बाजूला ठेवला. युरोपच्या न्यायालयाने २०१२ च्या सास प्रकरणात सांगितलं की प्रोग्रामची कार्यक्षमता, प्रोग्रामिंग भाषा आणि डेटा फाइलींचा फॉरमॅट यांना प्रोग्राम म्हणून कॉपीराइटचं संरक्षण नाही. तेव्हा "सलगी" म्हणजे नेमकं किती, हे फाउंडेशनचं मत आहे. वजनदार आहे, पण मतच.

सातवा मजला, तुम्हाला नोटीस येणार नाही असं धरू. ग्राहकाचा खरेदी विभाग येईल. "तुमच्या सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी द्या" म्हणेल. अमेरिकेत मे २०२१ च्या सरकारी आदेशापासून हे सुरू झालंय आणि युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होतोय. त्यांना काळजी सुरक्षेची आहे, लायसन्सची नाही. पण यादी एकच असते, आणि तिच्यात लायसन्सचा रकाना असतो.

सातवा_मजला:

रकाना भरायला माणूस ठेवू मग. ठीक आहे, मुद्दा पोचला.

गाठोडं:

रच्याकने (बाय द वे), कोणी एसएसपीएलबद्दल बोललं नाही. आधुनिक रचनेशी सगळ्यात थेट झुंजलेलं लायसन्स ते.

मोंगोडीबी या डेटाबेसच्या कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये आणलं. एजीपीएल घेतलं आणि कलम १३ बदललं. हे सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकत असाल तर ती सेवा चालवायला लागणाऱ्या सगळ्याचा सोर्स द्या: व्यवस्थापन, मॉनिटरिंग, बॅकअप, स्टोरेज, होस्टिंग. म्हणजे लिंकिंगची रेघ सोडून थेट "सेवा" हाच एक प्रोग्राम मानला. कल्पना म्हणून बघा, आजच्या रचनेचं इतकं अचूक वर्णन दुसऱ्या कुठल्या लायसन्समध्ये नाही. आणि त्यामुळेच ते पाळणं जवळपास अशक्य. ओपन सोर्स इनिशिएटिव्हकडे मंजुरीला दिलं होतं, मार्च २०१९ मध्ये मोंगोने स्वतःच मागे घेतलं.

पुढे रांगच लागली. २०२१ मध्ये इलॅस्टिक एसएसपीएलकडे वळलं, त्यातून ओपनसर्च फुटून निघालं. २०२३ मध्ये टेराफॉर्मचं लायसन्स बदललं, ओपनटोफू निघालं. मार्च २०२४ मध्ये रेडिस बदललं, व्हॅल्की निघालं. आणि मग इलॅस्टिक २०२४ मध्ये, रेडिस २०२५ मध्ये, दोघंही पर्याय म्हणून एजीपीएल ठेवून परतले. इतका वळसा घालून शेवटी २००७ च्या कागदाशीच!

जुनी_डिस्क:

परतले ते कागद चांगला म्हणून नव्हे. एजीपीएलला बऱ्याच मोठ्या कंपन्या हातच लावत नाहीत. गूगलने तर आपल्याकडे ते वापरायचं नाही असं जाहीर धोरणच लिहून ठेवलंय. ज्याची भीती वाटते ते लायसन्स विक्रेत्याच्या कामाचं. "भीती वाटते? मग व्यावसायिक लायसन्स घ्या." निशिगंधाताईंचं घोस्टस्क्रिप्टही त्याच वाटेवरचं आहे.

बिल्ड_तुटला:

अवांतर: एआयने लिहून दिलेल्या कोडला कुठलं लायसन्स?

कलम_तेरा:

त्यासाठी वेगळा धागा काढ. हा तीनशे प्रतिसादांना जाईल आणि ताईंच्या इमेजेस तशाच राहतील.

बिल्ड_तुटला:

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

कलम_तेरा:

@निशिगंधा, कंटेनरबद्दल एक राहिलंच. बहुतेकांची फसगत इथे होते.

इमेज ही एक फाइल नसते, थरांची चळत असते. तुम्ही डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवायच्या कृतीत) एका ओळीत काहीतरी इन्स्टॉल केलं आणि पुढच्या ओळीत ते काढून टाकलं, तर चालणाऱ्या कंटेनरमध्ये ते दिसत नाही. पण खालच्या थरात ते जसंच्या तसं असतं. वरच्या थराने त्याच्यावर फक्त "हे नाही" अशी खूण ठेवलेली असते. ग्राहक इमेज ओढतो तेव्हा सगळे थर येतात. पुसलेलंही तुम्ही वाटलेलं असतं. कंटेनरच्या आत जाऊन यादी करणारं टूल हे पाहत नाही, थर एकेक सोडवून बघावे लागतात.

दुसरं, "डेबियन लिनक्सच्या सर्व्हरवर सोर्स आहेच की" हे उत्तर पुरत नाही. जीपीएल ३ म्हणतं, सोर्स दुसऱ्याच्या सर्व्हरवर असला तरी चालेल, पण तो हवा तितका काळ तिथे राहील हे बघणं तुमचं काम. जीपीएल २ त्याहून कडक, बायनरी जिथून देता तिथूनच सोर्स द्या, किंवा तीन वर्षं चालेल असं लेखी आश्वासन द्या. आणि सोर्समध्ये बिल्डच्या स्क्रिप्टही येतात. तुमचा पॅच नोकरी सोडून गेलेल्याच्या लॅपटॉपवर राहिला असेल, तर...

निशिगंधा:

धाग्याला वीस दिवस झाले, आता काय झालं ते सांगते.

पॅच सापडला. गिटमध्ये नव्हता, डॉकरफाइलमध्येच एका ओळीत कोंबलेला होता. मुळात त्याची गरजच नव्हती. घोस्टस्क्रिप्टला गप्प बसवायचा पर्याय कमांड लाइनवर आधीपासून आहे. पॅच काढला, एक आर्ग्युमेंट वाढवलं, घोस्टस्क्रिप्ट आता जसं मिळतं तसंच. कलम तेरा दादा, तुमचं कलम बहुतेक सुटलं, नावाचं वाईट वाटून घेऊ नका.

इमेज सोडवून पाहिली. अकरा थर. पुसलेल्या वस्तूंमध्ये अख्खा जीसीसी होता, बिल्डसाठी आणलेला आणि नंतर काढलेला. चार ग्राहकांना आम्ही वर्षभर कंपायलर भेट देत होतो. आता बिल्ड एका इमेजमध्ये होतं आणि तयार माल तेवढा दुसरीत जातो. इमेज निम्म्याहून लहान झाली, तेव्हा कुठे साहेबांना या सगळ्यात रस वाटू लागला. फळ्यावर ते आता बाणांच्या जोडीला चौकोनांभोवती एक तुटक रेघ काढतात, "हे ग्राहकाकडे जातं" अशी. ती रेघ आधी कधीच नव्हती.

सोर्स पॅकेजेस प्रत्येक रिलीजबरोबर त्याच रजिस्ट्रीत ठेवायला लागलो. जागा खातात, खाऊ देत.

फ्रंटएंडची यादी केली. एक हजार एकशे चौदा पॅकेजेस, बहुतेक एमआयटी, थोडी अपाचे, थोडी बीएसडी. उद्गारचिन्ह असलेली फार कमी, म्हणून सगळ्यांचे मजकूर गोळा करून एका पानावर ठेवले आणि तळाला दुवा दिला.

एक पॅकेज असं निघालं की त्याला लायसन्सच नाही. तारखा नीटनेटक्या छापायचं, चाळीसेक ओळी. रिपो उघडा आहे म्हणून इतकी वर्षं सगळे वापरतायत, पण लायसन्स नाही म्हणजे परवानगीही नाही. लेखकाला विनंती टाकली की कृपया फाइल घाला. आठ दिवसांनी उत्तर आलं: "अरे, राहिलंच की! टाकली."

उघडून बघितली. एमआयटी आहे, सगळा मजकूर बरोबर आहे. फक्त पहिल्या ओळीत चौकटी कंसात "वर्ष" आणि "पूर्ण नाव", साच्यातलं तसंच. पुन्हा लिहू का त्याला?